बत्तीस थर

"एकाहत्तर मिनिटं," फोनवरची समन्वयक बाई म्हणाली. "काका, एका संदेशाला तुमची सरासरी एकाहत्तर मिनिटं येतेय."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले. "चौसष्ट मिनिटं थरांची. उरलेली सात माझी."

"सात तरी कशाला लागतात?"

"चष्मा पुसतो."

बाई हसली नाही. तिला हसण्यासाठी वेगळा पगार नव्हता. "दुसऱ्या पुलावर बारा मिनिटांत काम होतं, माहितेय?"

"त्यांच्या साखळीचे ब्लॉक लवकर पक्के होत असतील. आपले नाही होत."

"ते मला कळतं हो. वरच्यांना कळत नाही. त्यांना फक्त आकडा दिसतो. आणि बाकीचे साक्षीदार पण तसेच. बहात्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. सगळे मिळून पूल अडवून बसलाय तुम्ही."

"सगळे नीट मोजत असणार," काका समाधानाने म्हणाले.

"हे बघा, एक तारखेपासून ज्याची सरासरी साठच्या वर, त्याची खुर्ची यंत्राला द्यायचं चाललंय. सुरुवात वयाप्रमाणे करणारेत. तुम्ही पहिले. तुमच्या भल्यासाठी सांगतेय, जरा हात उचला."

नऊला दहा मिनिटे कमी होती. काकांनी फोन ठेवला, चष्मा काढला, पुसायला घेतला आणि न पुसताच पुन्हा घातला.

काकांचे काम साक्षीदाराचे. तीन वर्षांपासून ते घरच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून हे काम करत होते, आणि तीन वर्षांत ते नेमके काय करतात हे शेजारीपाजारी कोणालाही समजलेले नव्हते. समोरच्या घरातले गृहस्थ त्यांना शेअर बाजारवाले समजून अधूनमधून सल्ला विचारत. काका "थांबा" म्हणत. गृहस्थांचा त्यात बराच फायदा झाला होता.

प्रकार साधा होता. औषधे बनवणाऱ्या कारखान्यांची एक ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची साखळी होती आणि रुग्णालयांची दुसरी. दोन्ही आपापल्या घरी अत्यंत सचोटीच्या. एकदा लिहिले की खोडायचे नाही, सगळ्यांदेखत लिहायचे, लपवाछपवी नाही. पण एकीला दुसरीचे लिहिलेले वाचता येत नव्हते, आणि विश्वास तर त्याहून नव्हता. भांडलेल्या व्याह्यांसारखे त्यांचे होते. एकमेकांविषयी तक्रार नाही, फक्त बोलणे तिसऱ्यामार्फत. तो तिसरा म्हणजे पूल. आणि पुलावर सहा साक्षीदार, सहा ठिकाणी बसलेले, एकमेकांना न ओळखणारे. कारखान्याच्या साखळीत नोंद झाली की प्रत्येकाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि खरी वाटली तर सहीसाठी घरी दिलेल्या छोट्या डबीचे बटण दाबायचे. ही सही. सहांपैकी चार सह्या झाल्या की संदेश पुलापलीकडे जायचा. साक्षीदारांनी आपसात बोलायचे नाही, हा पहिला नियम. काका चार नंबर होते.

एक मेख होती. कारखान्याच्या साखळीतली ताजी नोंद कच्ची असते. तिच्यावर दर दोन मिनिटांनी नव्या नोंदींचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक चढतो, आणि क्वचित असे होते की वरचे एकदोन ब्लॉक गळून पडतात, त्यांच्या जागी दुसरेच येतात. कधी हे आपोआप होते, कधी कोणी चोर मुद्दाम घडवून आणतो. गळलेल्या ब्लॉकमधली नोंद मग नव्हतीच असे होते. म्हणून बत्तीस ब्लॉक चढेपर्यंत सही करायची नाही. साक्षीदार त्यांना थर म्हणत.

काकांना हे शिकवावे लागले नव्हते. एकतीस वर्षे ते वजनकाट्यावर कारकून होते. मालाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की काटा थरथरतो, आणि तो थांबल्याशिवाय पावती फाडायची नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत, आईबापांचा उद्धार करत. काका काट्याकडे बघत बसत. मग काट्याला स्वतःच आकडे छापता यायला लागले आणि काकांना एक शाल व एक घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आले. पुढची दोन वर्षे वाईट गेली. काका भाजीवाल्याच्या काट्याकडे अशा नजरेने बघत, की शेवटी त्या बिचाऱ्याने गल्लीच बदलली. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर वजनांच्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या, तेव्हा काकूंनी मुलीला फोन करून सांगितले, "तुझ्या बाबांना कुठंतरी चिकटव. नाहीतर मलाच काट्यावर चढवतील." मुलीने अर्ज भरला. चार नंबरची खुर्ची मिळाली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या.

म्हणून त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी संदेश आला, तेव्हा काकांनी जे केले ते त्यांच्या एकतीस अधिक तीन वर्षांत कधी केले नव्हते.

संदेश भुलीच्या इंजेक्शनच्या एका लॉटविषयी होता. आठ दिवसांपूर्वी कारखान्याने तो थांबवला होता. काही बाटल्यांच्या बुचांबद्दल शंका होती. आता 'तपासणी पूर्ण, थांबा उठवला' अशी नोंद झाली होती. काकांनी लॉटचा क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहिला. बरोबर होता. थर पाहिले. दोन. घड्याळ पाहिले. नऊ चौदा. म्हणजे चार मिनिटे झाली होती, आणि अजून एक तास बसायचे होते. त्यांच्या कानात 'जरा हात उचला' हे शब्द होते.

काकांनी हात उचलला आणि बटण दाबले.

दाबल्यावर त्यांना क्षणभर फार तरुण वाटले. वेळेच्या रकान्यात 'चार मिनिटे' असे उमटले होते. एकाहत्तरच्या खाली ते असे दिसत होते, की जणू कुण्या दुसऱ्याच माणसाचे आहे.

मग पडद्यावर दोन नंबरची सही उमटली. काकांच्या सहीनंतर सात सेकंदांनी. लगेच सहा नंबरची. मग एक नंबरची. चार सह्या पूर्ण.

काका पडद्याकडे बघत राहिले. तीन माणसांनी वीस सेकंदांत बत्तीस थर मोजले होते, आणि थर होते दोन.

बहात्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. आत्ता कुठे काकांना त्या आकड्यांचा अर्थ लागला. कोणी मोजत नव्हते. सगळे काकांची वाट बघत होते. चार नंबरची सही पडली की आपले बटण दाबायचे. तीन वर्षे पुलावर सहा साक्षीदार होते असे सगळ्यांना वाटत होते. होता एक. आणि आज त्या एकालाही घाई झाली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात उलटे घड्याळ सुरू झाले. वीस मिनिटे. एवढ्या वेळात कोणाही साक्षीदाराला 'हरकत' नोंदवता येत होती. त्यानंतर संदेश रुग्णालयांच्या साखळीत लिहिला जाणार, तिथल्या भांडारातला तो लॉट लाल होता तो हिरवा होणार, आणि मग तो खोडायची सोय नव्हती. वीस मिनिटे एका समितीने ठरवली होती, चौसष्ट मिनिटे दुसरीने. दोन्ही समित्यांनी गृहीत धरले होते, की सही करणारा आधी मोजून बसलेला असेल.

काका उठले. खिडकी उघडली. बंद केली. खुर्ची टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली, मग उजव्या. तीन थर.

दारात काकू आल्या. "काय उलथापालथ चाललीय? पायाला भिंगरी लागलीय का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचा आवाज असा होत नसतो."

काका पुन्हा उठले, पुन्हा बसले. "अगं, भुलीचं इंजेक्शन. सकाळची ऑपरेशनं किती वाजता सुरू होतात?"

काकू ऑपरेशन थिएटरमध्ये अठ्ठावीस वर्षे नर्स होत्या. "पहिलं दहाला. साडेनवाला ट्रॉली भरते. भांडारातून बाटल्या आल्या की मांडायच्या. का?"

काकांनी सांगितले. बाईचा फोन, चार मिनिटे, दोन थर, वीस सेकंद. सांगताना ते खोलीत फेऱ्या मारत होते. खोली चार पावलांची असल्यामुळे प्रत्येक वाक्य वळणावर तुटत होते.

"म्हणजे लॉट खराब आहे?" काकूंनी विचारले.

"तसं नाही. बहुतेक चांगलाच आहे. हजारात नऊशे नव्याण्णव वेळा नोंद टिकते."

"मग एकदा?"

"मग तिकडे कारखान्याच्या वहीत 'थांबा' आणि इकडे हॉस्पिटलच्या वहीत 'वापरा'. दोघंही शपथेवर सांगणार आपलंच खरं."

"आणि पेशंट टेबलावर."

"तीन वर्षांत दोनदाच ब्लॉक गळलेले पाहिलेत मी. दोन्ही वेळा पहिल्या पाच थरांत. एकदा पाच ओलांडले की तसं काही..." काका पडद्यापाशी गेले. "पाच झाले बघ."

"मग बसा की स्वस्थ."

काका स्वस्थ बसले. ते बसणे अर्धा मिनिट टिकले.

"हरकत घेतली तर?" काकूंनी विचारले.

"स्वतःच्या सहीवर हरकत घेतली, तर त्याच दिवशी खुर्ची जाते. नियम आहे."

"कुणी केलाय असला नियम?"

"बरोबर आहे नियम. न बघता सही करणारा साक्षीदार ठेवायचा कशाला?"

"मग तुम्ही काय माझ्याकडून 'घेऊ नका' असं वदवून घेताय होय?" काकूंनी पदराला हात पुसले. "मला नका त्यात ओढू. आमच्याकडे बाटली फोडायच्या आधी दोघींनी वाचायची पद्धत होती. एकीने मोठ्यानं, दुसरीने बघून 'हो' म्हणायचं. एकदा एक पोरगी दुसरीकडेच बघत 'हो' म्हणाली. मी परत वाचायला लावलं."

"मग? चुकीची निघाली बाटली?"

"छे. बरोबरच होती. पण ती पोरगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. डॉक्टर वेगळे ओरडले, वेळ गेला म्हणून." काकू आत जायला वळल्या. "मी आपलं सांगितलं. तुमची सही, तुमची खुर्ची."

त्या गेल्या. नऊ मिनिटे उरली होती. सात थर.

काका गल्लीत जाऊन परत आले. जाताना समोरचे गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "काय काका, आज काय करावं?" काकांनी प्रथमच उत्तर दिले नाही. गृहस्थ घाबरून घरात गेले.

पाच मिनिटे. नऊ थर.

काकांनी मनाशी हिशेब मांडला. वीस मिनिटे संपेपर्यंत बारा थर होतील. बारा पुष्कळ झाले. दुसऱ्या पुलावर बारा मिनिटांत काम होते म्हणे. कुणाला कळणार नाही. उद्यापासून पुन्हा बत्तीस मोजायचे. एक तारखेपर्यंत का होईना, मोजायचे. आणि आपण मोजले की बाकीचे पाचही मोजल्यासारखेच. हा हिशेब सगळ्या बाजूंनी बरोबर येत होता, आणि दर वेळी शेवटी काका खुर्चीतून उठत होते.

दोन मिनिटे. अकरा थर.

वजनकाट्यावर एकदा एका ड्रायव्हरने त्यांना म्हटले होते, "साहेब, काटा हलला काय न् थांबला काय, दोन किलोचाच फरक." काकांनी त्याला विचारले होते, "मग लिहू का दोन किलो कमी?" ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला होता. ते उत्तर काकांना अनेक वर्षे फार आवडत आले होते. आज ते आठवून उपयोग झाला नाही, कारण आज ड्रायव्हरही ते स्वतःच होते.

त्यांनी हरकतीची चौकट उघडली. कारण लिहिण्याची जागा होती. काकांनी एका बोटाने लिहिले: 'मी थर पूर्ण होण्याआधी सही केली. माझ्यानंतरच्या तिघांनीही थर मोजले नसावेत.' वाचले. दुसरे वाक्य खोडले. ते तिघे त्यांच्या घरी काय करत होते हे काकांनी पाहिले नव्हते, आणि न पाहिलेल्याची साक्ष एका दिवसात एकदा दिली तेवढी पुरे होती.

मग बटण दाबले. उलटे घड्याळ एक मिनिट दहा सेकंदांवर थांबले. पूल बंद पडला.

फोन लगेच वाजला.

"काका, हे काय केलंत?" समन्वयक बाईचा आवाज चढला होता. "पूर्ण पूल अडकला ना! औषधांचे चौदा संदेश मागे उभेत!"

"बत्तीसपर्यंत थांबू दे. मग बाकीच्यांकडून पुन्हा सह्या घ्या."

"दहाची ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतील. फोन मला येणार, तुम्हाला नाही!"

"माझ्याकडे वळवा."

"तुम्ही आता कोण म्हणून वळवू?" असे म्हणून बाई एकदम थांबली. तिला वाईट वाटले असावे. "नियम ठाऊक आहे ना काका तुम्हाला?"

"पाठ आहे."

"मी नुसतं हात उचला म्हटलं होतं हो. न मोजता करा असं नव्हतं म्हटलं."

"नाही म्हटलंत. मीच केलं."

दहा वाजून चौदा मिनिटांनी बत्तिसावा थर चढला. नोंद जागच्या जागी होती. काहीही गळले नव्हते. काकांची सही काढून घेतली होती, पण पाहण्याची मुभा दुपारपर्यंत होती, म्हणून ते पाहत बसले होते. बाकीच्यांपैकी चौघांनी सह्या केल्या, लॉट हिरवा झाला. दहाची ऑपरेशने अकराला सुरू झाली. उपाशीपोटी ठेवलेल्या एका पेशंटच्या मेव्हण्याने लेखी तक्रार केली, की सदर विलंबास जबाबदार असणाऱ्या इसमास समज द्यावी.

बाईने ती तक्रार वाचून दाखवली. "आणि संदेश तर बरोबरच होता, काका."

"हो."

"म्हणजे तुमची हरकत चुकीची ठरली."

"संदेश बरोबर होता," काका म्हणाले. "सही चुकीची होती. तुम्ही फॉर्ममध्ये काय लिहायचं ते लिहा."

फॉर्ममध्ये बाईने काय लिहिले ते कळले नाही. पण 'चार नंबरची डबी परत मागवणे' या विषयाची सूचना काढताना तिने काकांचा फोन नंबर पत्त्यासकट उरलेल्या पाचही साक्षीदारांना पाठवून दिला. घाईत चूक झाली. त्यामुळे अकराच्या सुमारास एका अनोळखी बाईचा फोन आला.

"चार नंबर का?"

"होतो. आपण?"

"दोन नंबर." आवाज मध्यमवयीन होता, मागे कुकरची शिट्टी होत होती. "बोलायचं नसतं आपण, माहितेय. पण बोलते. भाऊ, तुम्हाला कळलं होतं ना? आमचं?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हरकतीत लिहिलं नाहीत ते."

"मी पाहिलं नव्हतं."

"तीन वर्षं मी तुमच्या सहीवर सही करतेय. वाटायचं, चार नंबरचं पक्कं असतं. तुम्ही एवढा वेळ घेता म्हणजे नक्की बघत असणार. आज पण तेच. चार मिनिटांत आली, म्हटलं आज काहीतरी सोपं असेल." ती थांबली. "आता तुमच्या जागी कोण येणार?"

"यंत्र, म्हणतात."

"ते बघेल का नीट?"

"बघेल की. पण त्याच्या सहीवर तुम्ही सही केलीत, तर पुन्हा तेच."

मागे कुकरने आणखी एक शिट्टी दिली. मग दोन नंबर हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, हसू नका. ते थर मोजायचे कुठून असतात?"

काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "समोर पडदा उघडा आहे का? डाव्या बाजूला नोंदीचा क्रमांक दिसेल. नाही, तो नाही, तो संदेशाचा. त्याच्या खालचा. हां. आता ती नोंद ज्या ब्लॉकमध्ये आहे तो मोजायचा नाही. त्याच्या वरचा, तो एक."

"एक," दोन नंबर म्हणाली.

"त्याच्या वरचा?"

"दोन."

सबंध बत्तीस मोजून झाले. मध्ये एकदा ती एकोणीसवरून एकवीसवर गेली, काकांनी परत फिरवली. तिने कुकर बंद करून आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजले. दुसऱ्या खेपेला काकांनी नुसते ऐकले.

"आता मी करू शकेन वाटतं," ती म्हणाली. "पण वेळ लागेल. सरासरी वर जाईल माझी."

"जाईल," काका म्हणाले.

डबी न्यायला कुरिअरवाला आला तेव्हा पावणेबारा होऊन गेले होते. घामाघूम होता, एका पायावर उभा होता, गाडी खाली चालूच ठेवली होती. काकांनी डबी पुसून, तिच्या मूळ खोक्यात घालून तयार ठेवली होती. त्याने खोके हातातल्या पिशवीत टाकले आणि कागद पुढे केला.

"काका, इथं फक्त सही मारा."

काकांनी कागद घेतला. दोन पाने होती, पाठपोट. काका पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

"अहो, सगळ्यांचं तेच असतं त्यात. कुणी वाचत नाही."

"हो का?" काका म्हणाले आणि पान उलटले. कुरिअरवाल्याने पाय बदलला. खाली गाडी फुरफुरत होती. काकूंनी दारातून डोकावून पाहिले आणि आत गेल्या.

दुसऱ्या पानाच्या तळाशी काकांचे बोट थांबले. "यात लिहिलंय, 'उपकरण दुपारी बारा वाजता ताब्यात दिले.'"

"बरोबर आहे की."

"अजून बारा वाजायचेत. नऊ मिनिटं आहेत."

"काका, नऊ मिनिटांनी काय फरक पडतो? मला पुढे अजून सात ठिकाणी जायचंय!"

"मग वेळ खोडून खरी घाला. मी आत्ता सही करतो."

"छापील आहे ते. खोडलं तर ऑफिसात परत येतो कागद, मलाच परत पाठवतात."

"तर मग बारा वाजू देत."

कुरिअरवाल्याने काकांच्या तोंडाकडे पाहिले. थट्टेची काही खूण सापडते का ते शोधले. सापडली नाही. तो खाली गेला, गाडी बंद केली आणि परत वर आला. काकूंनी तोवर दारात स्टूल आणून ठेवले होते, शेजारी पाण्याचा तांब्या.

तो बसला. काकांनी पेनचे टोपण काढून पेन कागदाशेजारी ठेवले, आणि तिघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.